सोसायटी पाडायला चाललीय: बाबांच्या माळ्यावरच्या कागदांचं काय करू?

निळी शाई

मंडळी, या वेळी जरा मुद्द्याला धरून बोला. मागच्या खेपेला मी गिझर कुठला घेऊ विचारलं आणि पाचव्या उत्तरापर्यंत तुम्ही भानुविलास टॉकीजच्या बाल्कनीत जाऊन बसला होतात.

आमची सोसायटी एकदाची रिडेव्हलपमेंटला लागली. मीटिंगा, रुसवेफुगवे, एका काकांचं "माझी सही गृहीत धरू नका", सगळं यथासांग पार पडून भाड्याचे चेक हातात आलेत. वारज्यात टू बीएचके मिळालाय. हवेशीर आहे, लिफ्ट आहे, पाणी दोन्ही वेळा येतं. माळा मात्र नाही, आणि आमच्या घरात जे काही आहे ते माळ्यावरच आहे.

काय काय आहे ते सांगते. बाबा टेलिफोन खात्यातून रिटायर झाले, आता ब्याऐंशीचे आहेत. वाचन आणि सिनेमा सोडून त्यांनी कशावर पैसा उडवलेला मला आठवत नाही. चप्पलसुद्धा अंगठा तुटल्याशिवाय बदलायचे नाहीत. तर दोन लोखंडी कपाटं भरून पुस्तकं. कादंबऱ्या, नाटकं, चरित्रं, शिवाय प्रकाशनपूर्व सवलतीत नोंदवलेले जाडजूड संच. त्यांचा पहिला खंड वाचून वाचून खिळखिळा झालाय आणि पाचवा उघडताना अजून करकर वाजतो. माळ्यावर दिवाळी अंकांचे सुतळीने बांधलेले गठ्ठे, प्रत्येकावर बाबांच्या अक्षरात वर्ष. आणि सगळ्यात आत, भिंतीला लागून, पत्र्याची ट्रंक. तिच्यात सिनेमाच्या गाण्यांच्या चोपड्या. थिएटरात विकत मिळायच्या, त्या. लहानपणी आम्हाला त्या ट्रंकेवर बसायचीसुद्धा परवानगी नव्हती.

आता घरातली मतं ऐका. भाऊ न्यू जर्सीहून म्हणतो, "सगळं स्कॅन करून क्लाउडवर टाक, सिंपल." सिंपल म्हणणाऱ्याने एकदा रजा टाकून यावं आणि माळ्यावर चढावं. नवरा "मी यात पडत नाही" असं म्हणत रोज यात पडतो. रद्दीवाल्याने आमच्या माळ्याकडे एकदा मान वर करून पाहिलं आणि तेव्हापासून तो गेटपाशी मला जरा जास्तच अदबीने नमस्कार करतो. घराजवळच्या एका वाचनालयात विचारून आले. तिथल्या बाई म्हणाल्या, "अलीकडची, चांगल्या स्थितीतली पुस्तकं असतील तर यादी आणा. दिवाळी अंक नकोत, आमचेच आम्हाला जड झालेत." चोपड्यांचं नाव काढल्यावर त्यांनी नुसता चष्मा वर सरकवला.

आणि बाबा म्हणतात, "तुला योग्य वाटेल ते कर." ज्यांच्या घरी या वयाचे वडील आहेत त्यांना या वाक्याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

तर काय ठेवू, बाकीचं कुठे देऊ, आणि जे ठेवीन ते वारज्याच्या पावसाळ्यात टिकवू कसं? महिनाअखेर चावी द्यायचीय.


पेठेबाहेरचा

शाईताई, पहिलं उत्तर माझं आहे म्हणजे ते कडू असणार.

साधा हिशोब करा. जे पुस्तक उद्या अप्पा बळवंत चौकात जाऊन नवंकोरं मिळेल, ते ठेवायचं नाही. गाजलेल्या कादंबऱ्यांच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघतात. पिवळी पानं, सुटलेली शिवण आणि आतल्या कसरीसकट तुम्ही त्या वारज्याला नेऊन करणार काय? संच द्या. दिवाळी अंक रद्दीत द्या. गाणी सगळी मोबाईलवर आहेत, शब्दांसकट.

आणि माझ्यावर विश्वास नसेल तर बुधवारी नाहीतर रविवारी जुन्या बाजारात चक्कर मारा. कोणाकोणाचे वडील गोणपाटावर पडलेत ते दिसेल. मुलांनी वेळेवर निर्णय घेतला नाही की तिथेच पोचतं सगळं, फक्त दहा वर्षं उशिरा आणि मधल्या काळात घरात भांडणं लावून.


मधली सुट्टी

पेठेबाहेरच्या, तुझ्या घरात पुस्तकांपेक्षा चार्जर जास्त आहेत. तू जरा गप्प बस.

शाई, देण्याबद्दल मी सांगते, कारण घेणाऱ्या बाजूला मी आहे. मी मुळशीकडच्या एका शाळेत शिकवते. आमच्याकडे पुस्तकदान म्हणून जे येतं ते एकदा बघायला ये. जुन्या अभ्यासक्रमाची गाइडं, निम्मी सोडवलेली कोडी, शेअर बाजारावरची पुस्तकं, एकदा तर कोणाच्या तरी फ्रिजचं माहितीपत्रक. लोकांना घर रिकामं करायचं असतं आणि वर पुण्यही हवं असतं. तू तशी नाहीस हे मला माहीत आहे, म्हणून पद्धत सांगते.

आधी यादी कर. नाव, लेखक, प्रकाशक, आवृत्तीचं वर्ष आणि स्थिती. वहीत चालेल, एक्सेल असेल तर उत्तमच. यादीशिवाय कुठेही फोन केलास तर उत्तर "नको" असंच येणार, कारण त्यांना वाटणार की टेम्पो दारात येऊन उभा राहणार. शाळांना नाटकं, चरित्रं, प्रवासवर्णनं, विज्ञानावरचं काहीही चालतं. अक्षर मोठं असेल तर पोरं तुटून पडतात. पाच-पाच खंडांचे संच आम्हाला नकोत, आमचं कपाटच तेवढं नाही.

जुनं काही असेल, म्हणजे पहिली आवृत्ती किंवा आता छापलंच जात नाही असं, तर ते गल्लीतल्या वाचनालयाला विचारू नकोस. ते बिचारे वर्गणीदारांना नवं पुरवण्यातच थकलेले असतात. पुण्यात पुणे नगर वाचन मंदिर १८४८ पासून आहे, पुणे मराठी ग्रंथालय १९११ पासून. अशा ठिकाणी जुन्या पुस्तकांची कदर असायची शक्यता जास्त, पण तिथेही आधी यादी, मग फोन, मग पुस्तकं. महाबळेश्वर-पाचगणीच्या मधलं भिलार २०१७ पासून पुस्तकांचं गाव झालंय, तिथेही विचारता येईल.

गठ्ठ्यात "किशोर" असेल तर मात्र जीव अडकवू नकोस. १९७१ पासूनचे जुने अंक बालभारतीने संकेतस्थळावर फुकट ठेवलेत. मी वर्गात पडद्यावर लावते.

जाता जाता: डिसेंबरात फर्ग्युसनच्या मैदानावर पुस्तक महोत्सव असतो, तिथे तू माझ्याबरोबर यायचं नाहीस. मागच्या वेळी आपण दोघींनी जे केलं ते पाहता तुला आत सोडता कामा नये.


रीळबहाद्दर

अगं, बाकी काय वाट्टेल ते कर, पण ती ट्रंक आधी रद्दीवाल्याच्या नजरेआड ठेव.

पेठेबाहेरच्याला वाटतंय चोपडी म्हणजे गाण्यांचे शब्द. अरे बाबा, तीत शब्द असतात ते शेवटी. आधी कलाकारांची नावं, मग दिग्दर्शक, संगीतकार, गीतकार, स्टुडिओ, वितरक. मग कथासार. आणि ते कथासारही मोठं लबाड असायचं. नायिका कड्यावर उभी राहिली, खलनायक दाराशी आला, की तिथेच तोडायचं आणि खाली छापायचं, "पुढे काय होते ते रुपेरी पडद्यावरच पाहा." हिंदी चोपडीत तेच देवनागरीत, तेच उर्दूत, तेच रोमन लिपीत. गर्दीत ज्याला जे वाचता येईल ते त्याने वाचावं. एवढा माल चार-आठ पानांत, आण्या-दोन आण्याला.

आता हे का जपायचं ते सांगतो. आपल्याकडे मूकपटांच्या काळात तेराशेच्या आसपास चित्रपट झाले. आज त्यातले तीसेक उरलेत, त्यातलेही बरेच तुकड्या-तुकड्यांत. पहिला बोलपट "आलम आरा", १९३१ चा. त्याची एकही प्रत जगात नाही. उरल्यात त्या छापील जाहिराती आणि छायाचित्रं. पडद्यावरचं गेलं आणि कागद राहिला, असं आपल्या सिनेमाचं झालंय. कानपूरच्या हरमंदिरसिंग "हमराज" यांनी बँकेतली नोकरी सांभाळून "हिंदी फिल्म गीत कोश" केला. दशकावार, प्रत्येक चित्रपटाची गाणी आणि तपशील. तो कशाच्या जिवावर उभा राहिला? अशाच चोपड्या, जुनी मासिकं आणि तबकड्यांच्या याद्या यांच्या. कोणाच्या तरी बापाने ट्रंकेत ठेवलेल्या, म्हणून मिळाल्या.

आणि तू राहतेस कुठे? पुण्यात. विधी महाविद्यालय रस्त्यावर राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, १९६४ पासून. ते रिळांबरोबर भित्तिचित्रं, छायाचित्रं, चोपड्या असं सगळं सांभाळतात. २०२२ मध्ये ते चित्रपट विकास महामंडळात विलीन झालं, पण जागा तीच. त्यांना सुट्टीताईच्या पद्धतीने यादी पाठव: चित्रपटाचं नाव, वर्ष, भाषा, पानं पूर्ण आहेत की नाहीत. त्यांच्याकडे आधीच असलेल्या कदाचित नको म्हणतील. त्या तू ठेव.


पेठेबाहेरचा

रीळकाका, "आलम आरा" तिकडेच त्या आगीत गेला ना? लोकांनी जपलेलं सरकारला द्यायचं आणि ते जळायचं, असा मामला.


रीळबहाद्दर

हे वर्तमानपत्रात वाचलंस ना? वाचणारच. २००३ च्या जानेवारीत फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात नायट्रेट रिळांना आग लागली, हे खरं. पण "आलम आरा" त्यात नव्हता. संग्रहालय ज्यांनी उभं केलं त्या पी. के. नायरांनी स्वतः हे खोडून काढलं होतं. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे संग्रहालय सुरू व्हायच्या आधीच तो चित्रपट नाहीसा झालेला होता. तरी दर वर्षी चौदा मार्च, म्हणजे त्याच्या प्रदर्शनाचा दिवस, आला की कोणीतरी ती आग पुन्हा लावतोच.

आणि नायट्रेटचं म्हणशील तर ते जळायलाच जन्माला आलेलं असतं. १९५० च्या सुमारापर्यंतची रिळं त्याचीच. जुनं झालं की आपसूक पेट घेऊ शकतं आणि पेटलं की पाण्याने विझत नाही. कागद त्या मानाने फारच सोशीक.


निळी शाई

काका, तुमचं वाचून काल दुपारी ट्रंक खाली काढली. बाबा खुर्ची ओढून शेजारी बसले. "तुला योग्य वाटेल ते" करणारा माणूस इतक्या चटकन उठलेला मी बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता.

वरची चोपडी "सांगत्ये ऐका"ची. किंमत नये पैशांत छापलेली. पाठीमागच्या कोऱ्या भागावर शिसपेन्सिलीने बारीक अक्षर: "विजयानंद. पिटात. मामाबरोबर. परत जाणे." विजयानंद म्हणजे थिएटर, पिट म्हणजे पडद्यासमोरची सगळ्यात स्वस्त जागा. खाली दुसऱ्या वेळेची नोंद: "एकटा. घरी सांगितले नाही." बाबा तेव्हा शाळेत असणार. मी विचारलं तर म्हणाले, "सगळं पुणं जात होतं, मी एकट्यानेच का पाप केलं?"

मग एकेक उलटी करून बघत सुटलो. प्रत्येकीच्या मागे नोंद आहे. थिएटर, वर्ग आणि एका ओळीत निकाल. "नायिका चांगली, रडते फार." "गाणी सोडून बाकी डुलकी." "मध्यंतरानंतर वीज गेली, पैसे परत नाहीत." एका भल्या मोठ्या पौराणिक चित्रपटाच्या मागे नुसतं: "देव बरे होते." एकीच्या मागे "सौ.ला आवडला" एवढंच आहे, स्वतःचं मत नाही. आई जवळच लसूण सोलत होती. तिला दाखवलं तर म्हणाली, "मला कुठला आवडलाय? हेच म्हणाले, तुला आवडला का, आणि मी हो म्हटलं."

आता माझी अडचण वाढली. चोपडी संग्रहालयाची म्हणायची, पण मागची बाजू आमच्या घरची आहे.


रीळबहाद्दर

"सांगत्ये ऐका" म्हणजे १९५९. विजयानंदला तो १३१ आठवडे चालला. अडीच वर्षं! तुझ्या बाबांनी दोनदाच पाहिला असेल तर त्यांचा संयम मानायला हवा.

अडचण बिडचण काही नाही. मागची बाजू आहे म्हणून तर तुझी चोपडी इतरांच्या चोपडीपेक्षा मोलाची. छापील मजकूर दुसऱ्या प्रतीत सापडेल, पण त्या काळी पिटात बसलेल्या पोराला काय वाटलं हे कुठल्या गीतकोशात लिहिलंय? समीक्षा लिहिणारे बाल्कनीत बसायचे. देताना हे सांगून दे, आणि द्यायच्या आधी दोन्ही बाजूंची छायाचित्रं काढून ठेव. न्यू जर्सीवाल्याला लाव कामाला. तू इथे फोनवर फोटो काढ, नावं देऊन लावायचं काम त्याने तिकडे बसून करू दे. सिंपल.

पिन गंजल्या असतील. ओढून काढू नकोस. वाळवीला विचार.


वाळवी

हजर आहे. (टोपणनाव बदलायचं कधीपासून मनात आहे, पण आता ओळख झाली.)

बाइंडिंगच्या धंद्यात आयुष्य गेलं, त्यातलं सांगतो. गंजलेली पिन मागच्या बाजूने उघडायची. तिचे दोन पाय बोथट सुरीने किंवा जुन्या स्टीलच्या चमच्याच्या दांड्याने हलके उचलून सरळ करायचे, मग पुढून अलगद ओढायची. नखाने नको आणि घाईत तर नकोच, गंजाभोवतीचा कागद पापडासारखा झालेला असतो. पिनेच्या जागी पुन्हा पिन मारायची नाही. पांढरा सुती दोरा ओवून सैल गाठ. फाटलं असेल तिथे चिकटपट्टी लावाल तर माझ्याशी बोलू नका. ती पट्टी काही वर्षांनी सुटते, डिंक मात्र कागदातच राहतो आणि तपकिरी डाग पाडतो. एवढी ओढ असेल तर पातळ जपानी कागद आणि गव्हाच्या खळीने सांधतात, पण ते शिकलेल्या हाताचं काम आहे. फाटकं तसंच राहू द्या.

वर्तमानपत्रात गुंडाळू नका. त्याच्यात आम्ल असतं, ते आतल्या कागदालाही पिवळं करतं. आपल्याकडे पोथ्या तांबड्या बासनात बांधायचे, ती पद्धत बरोबर होती. कापड श्वास घेतं. बासनासाठी नवं लाल कापड घेतलंत तर आधी धुऊन बघा रंग जातो का. त्यापेक्षा जुनं धुवट पांढरं धोतर असेल तर सोन्याहून पिवळं.

वारज्यात पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीला ओल धरते. म्हणून कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे, आणि खालचा कप्पा रिकामा ठेवा. प्लास्टिकच्या डब्यात गच्च बंद करून ठेवू नका, आतला दमटपणा आतच घुसमटतो आणि बुरशी येते. वेखंडाची पूड मलमलच्या पुरचुंडीत बांधून कोपऱ्यात ठेवा. डांबराच्या गोळ्या नकोत, बाबांच्या छातीसाठीही बऱ्या नाहीत.

कसर किंवा किडा दिसला तर अजून एक उपाय आहे, घरचे ओरडतील पण करा. चोपडी कापडात, मग हवा काढून घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत घालून डीप फ्रीझरमध्ये दोन-तीन आठवडे. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही. ती खोलीच्या तापमानाला येईपर्यंत तशीच राहू द्यायची, नाहीतर थंड कागदावर पाणी धरतं. आमच्या फ्रीझरमध्ये मटारच्या पिशवीशेजारी एक जुनं पंचांग बराच काळ होतं. सुनेने पाहुण्यांसमोर काढून दाखवलं.


मधली सुट्टी

चोपड्यांचं झालं. दिवाळी अंकांना कोणी वाली आहे का इथे?

"रद्दीत द्या" म्हणणं सोपं आहे. १९०९ मध्ये का. र. मित्रांनी "मनोरंजन"चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठीत कथा आधी दिवाळी अंकात छापली जाते. पुस्तक होतं ते नंतर, आणि तेही सगळ्यांचं होत नाही. एखादी नोकरीवाली बाई चार-पाच कथा लिहून थांबली, तिचा संग्रह कोण काढणार? ती त्या अंकात आहे तेवढीच आहे. कादंबऱ्या अप्पा बळवंत चौकात मिळतात हे पेठेबाहेरचा बरोबर बोलला, पण मग त्याच न्यायाने कपाटातलं द्यावं आणि माळ्यावरचं ठेवावं. तो नेमकं उलट सांगतोय.

मी म्हणते, प्रत्येक अंकाचं मुखपृष्ठ आणि अनुक्रमणिका यांचा फोटो काढ. दोन पानं, बास. मग ज्याच्या अनुक्रमणिकेत थांबावंसं वाटेल तो बाजूला काढ. जाहिरातींचा पसारा असेल तोही फेकण्याआधी बघ. साबण, शिवणयंत्रं, सायकली, कोणकोणत्या बँकांच्या ठेवी. आमच्या मुलांना इतिहासाचा प्रकल्प म्हणून एका जुन्या अंकातल्या नुसत्या जाहिराती दिल्या होत्या. धड्यापेक्षा जास्त प्रश्न आले.


पेठेबाहेरचा

मान्य. अर्धं मान्य.

शाईताई, एक विचारू का? त्या गठ्ठ्यांत "आवाज" असेल तर... म्हणजे फेकणारच असाल तर. मला खिडकीचित्रं बघायचीत. आमच्या घरी तो अंक कपाटाच्या वरच्या फळीवर, साड्यांच्या खाली असायचा. पानाला कापलेली चौकट, तिच्यातून काहीतरी भलतंच दिसायचं, आणि पान उलटलं की आत काकू भाजी निवडतायत. मी आणि चुलतभाऊ स्टुलावर चढून बघायचो. फसवणूक होणार हे माहीत असूनही दर वर्षी चढायचो.


मधली सुट्टी

चार्जरवाले, या आता रांगेत.


निळी शाई

"आवाज" आहे. भरपूर आहे. पण बाबांनी तुमचा निरोप ऐकून घेतला आणि म्हणाले, "बघायला या म्हणावं. नेता येणार नाही." तेव्हा या.

तर ठरलं ते असं. कपाटातलं बहुतेक जातंय. नाटकं आणि चरित्रं सुट्टीच्या शाळेला, संचांची यादी दोन मोठ्या वाचनालयांकडे पाठवलीय. बाबांनी संचांच्या बाबतीत अजिबात कुरकुर केली नाही. उलट हळूच म्हणाले, "पाचवा खंड फारच कंटाळवाणा होता." म्हणजे उघडला होता! कादंबऱ्यांपैकी ज्यांच्यावर कोणीतरी सही करून दिलीय त्या आणि आईची स्वयंपाकाची दोन पुस्तकं राहतायत. स्वयंपाकाच्या पुस्तकांना आता डाळीचा वास येतो, ती कोणी घेणारही नाही.

दिवाळी अंकांचे फोटो काढायचं काम भाचीने घेतलंय, पानामागे दर ठरवून. पोरगी पुढे जाईल. अनुक्रमणिका वाचून दाखवल्या की बाबा "ठेव" किंवा "जाऊ दे" म्हणतात. "जाऊ दे" फारच क्वचित म्हणतात, त्यामुळे अंक बरेचसे येतायतच वारज्याला. नवऱ्याने बाल्कनीच्या दाराशेजारच्या कोपऱ्याचं माप घेतलं आणि म्हणाला, "मी यात पडत नाही, पण इथे एक रॅक बसेल." ओलीचं त्याला सांगितलंय, आता तो कोपरा बदलून पुन्हा माप घेतोय.

चोपड्यांची यादी संग्रहालयासाठी तयार होतेय. त्यांना काय हवंय ते कळलं की बघू. "सौ.ला आवडला" ही मात्र कुठेही जाणार नाही, आईने ती आपल्या औषधांच्या डब्याखाली ठेवलीय. मूळ तक्रार अजून कायम आहे.

आता शेवटचं आणि अगदी व्यवहाराचं. पॅकर्सवाल्याची खोकी टीव्हीएवढी मोठी आहेत. पुस्तकं भरली की दोन माणसांना उचलत नाहीत आणि तळ सुटतो. लहान, मजबूत खोकी कुठे मिळतील?


वाळवी

वाइन शॉप. पुस्तकांना त्याच्याइतकं खोकं नाही. जाड पुठ्ठा, आकार आटोपशीर, बाजूला हात घालायला भोकं. आतले कप्पे काढून टाकायचे. सकाळी माल उतरला की लगेच जायचं, दुपारपर्यंत भंगारवाला उचलतो.


रीळबहाद्दर

दुजोरा. माझं अख्खं कपाट त्यातूनच गेलं.


निळी शाई

अहो, पण आमच्या जिन्यातून अशी वीस-पंचवीस खोकी खाली जाताना पहिल्या मजल्यावरच्या काकू दारात उभ्या असणार. बाबा गेली कित्येक वर्षं सोसायटीच्या भजनी मंडळाचे खजिनदार आहेत.


पेठेबाहेरचा

खोकी उलटी करून चिकटवा, छापील बाजू आत. शनिवारी सकाळी मी गाडी घेऊन येतो, माझ्या ओळखीचं दुकान आहे. "आवाज" तेवढा वरच्या खोक्यात ठेवा.